हळदीकुंकवातलं ब्लडप्रेशर

आमची मुलगी बारावी झाली तेव्हा दुबईत, देरा भागातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मुलांचं आधीच ठरलेलं होतं. कुणी पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार होतं, कुणी कर्नाटकात पैसे भरून डॉक्टर होणार होतं. आमची शारजाला एका कम्युनिटी कॉलेजात गेली. कॉलेज एका इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर होतं आणि खाली गालिच्यांचं दुकान होतं. अभ्यासक्रमाचं नाव अलाइड हेल्थ. हे नाव पहिल्यांदा ऐकून कुणालाही काहीच कळायचं नाही, आणि दुसऱ्यांदा सांगितलं तर लोक सहानुभूतीने मान हलवायचे.

ह्यांनी मला समजावून सांगितलं, "हॉस्पिटलात डॉक्टर आणि नर्स सोडून जे जे असतं ना, ते सगळं अलाइड."

"म्हणजे झाडूवालासुद्धा?"

"तुला काही सांगण्यात अर्थ नाही," असं म्हणून ते पेपर वाचायला लागले.

बाहेर मात्र ते सगळ्यांना सांगायचे, "मुलगी मेडिकलला आहे." ऐकणाऱ्याने "कुठे, एमबीबीएस?" असं विचारलं की ह्यांना एकदम समोर टॅक्सी दिसायची. हे एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. गोदामात काय आहे ते मोजून सांगायचं आणि काय नाही ते साहेबाला जमेल तितकं उशिरा कळू द्यायचं, हे त्यांचं काम. घरीही ते तसेच वागत.

गावी माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग खाडीपलीकडे होता. होडी रोज जायची, पण ती मासळी घेऊन बाजाराला जायची आणि तिच्यात मुलींना जागा नसायची. पुढे वाचायची सवय मला इथे येऊन लागली, कारण दुपारी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मराठी मंडळातल्या बायका मात्र एकीपेक्षा एक शिकलेल्या. एक एम.कॉम., एक मायक्रोबायोलॉजीवाली, एक मानसशास्त्रात एम.ए. सगळ्यांच्या पदव्या फाइलीत, त्यांवर सरकारी शिक्के, आणि फाइल कपाटात साड्यांच्या खाली. माझ्या व्हिसावर जे होतं तेच त्यांच्याही होतं, हाऊसवाइफ, काम करायला परवानगी नाही. शिक्का मारणाऱ्याने चौथी आणि एम.कॉम. यांत काही फरक केला नव्हता. त्यांनी मात्र तो जपला होता. मंडळाच्या कार्यक्रमात मला नेहमी चहाच्या बाजूला उभं करत. मला ते बरंच वाटायचं, कारण चहाच्या बाजूला बोलावं लागत नाही.

कॉलेज सुरू झाल्यापासून आमच्या घराचा दवाखाना झाला. माझ्या हाताला बँडेज बांधून ठेवून ती अभ्यासाला बसायची आणि मी एका हाताने पोळ्या लाटायची. इंजेक्शन द्यायला ती संत्र्यांवर शिकली. ती संत्री आम्हीच खायची, कारण ह्यांना टाकवत नव्हती. कितीतरी दिवस आमच्याकडच्या संत्र्यांना नळाच्या पाण्याची चव होती. मग ह्यांनी तिला ब्लडप्रेशर बघायचं मशीन आणून दिलं, हाताला गुंडाळायचा पट्टा, रबरी फुगा आणि घड्याळासारखी तबकडी. आणल्या आणल्या त्यांनी दिरहमचे रुपये करून सांगितले, ते प्रत्येक वस्तूचे करतात तसे. मशीनने पहिल्यांदा त्यांचाच हात बघायचा असं मुलीने सुचवलं तर म्हणाले, "मला कसलं प्रेशर? मी रोज जिने चढतो." लिफ्ट महिन्यातून बऱ्याचदा बंद असायची, म्हणून चढत होते.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं की आता कॉलेजबाहेरच्या मोठ्या बायकांचं प्रेशर घ्या, रेकॉर्डमध्ये लिहा आणि मला दाखवा. ते पास झालं तरच सरकारी हॉस्पिटलात पोस्टिंग मिळणार होतं. पोस्टिंग मिळालं नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर आमची मुलगी मे महिन्यात इंडियात जाणार, हे ह्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. ह्यांच्या बहिणीने ठाण्याचं एक स्थळ आणलं होतं. त्यांचं औषधांचं दुकान होतं. मुलगी मेडिकलला आहे हे ऐकून ते फार खूश झाले होते, कारण त्यांना काउंटरवर माणूस हवंच होतं.

"I'm not going to sit in a shop," मुलगी म्हणाली. बापाशी भांडताना ती इंग्रजीत शिरायची. मराठीत तिला भांडताना मध्येच रडू यायचं, इंग्रजीत येत नसे.

"मग रेकॉर्ड पास कर," हे म्हणाले. "झालं तर हॉस्पिटल, नाही झालं तर ठाणे. खलास."

एवढ्या बायका आणायच्या कुठून, हा प्रश्न ह्यांनीच सोडवला. संक्रांत जवळ आली होती आणि त्या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. "बायका येणारच आहेत," हे म्हणाले, "आणि वाण घ्यायला हात पुढे करणारच आहेत." स्टोअरकीपर माणूस, एका खेपेत दोन कामं होत असली की त्यांना फार आनंद होतो.

म्हणून त्या संक्रांतीला आमच्या हॉलमध्ये एका बाजूला हळदीकुंकवाचं तबक, तिळगूळ आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या, आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर ते मशीन. मुलीने पांढरा कोट घातला होता. मी म्हटलं, "सणाला पांढरं नको," तर तिने गळ्यात माझी मोत्यांची माळ घातली. एका बाजूला माळ, एका बाजूला स्टेथोस्कोप. बायका काळ्या साड्या नेसून आल्या. हे बेडरूममध्ये दार लावून बसले होते, पण दार पुरतं लागलेलं नव्हतं.

पहिला मान अर्थातच अध्यक्षीणबाईंचा. मंडळाचे अध्यक्ष त्यांचे यजमान होते, पण मंडळ चालवायच्या त्याच, म्हणून आम्ही त्यांना अध्यक्षीणबाई म्हणायचो, त्यांच्या पाठीमागे. त्यांच्या काळ्या चंद्रकळेला सोन्याचे काठ होते आणि हातातले पाटल्या-तोडे काढून पट्टा बांधायलाच बराच वेळ गेला. मग त्या बोलायला लागल्या. गणपतीतल्या नाटकाला कुणी किती तिकिटं खपवली नाहीत, हे सांगत होत्या.

"आंटी, प्लीज, दोन मिनिटं बोलू नका. रीडिंग चुकतं."

"मी कुठे बोलतेय? तू घे ना." आणि पुढे बोलत राहिल्या.

मुलीने फुगा दाबला, हवा सोडली, पुन्हा दाबला. मग कॉलेजात जसं सांगायची तसं मोठ्याने आणि स्पष्ट सांगितलं, "एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे चार."

हॉलमधलं बोलणं थांबलं. एकीने तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला होता, तो चावायचा राहिला.

"जास्त आहे का गं?" एम.कॉम.ने हळूच विचारलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू.

"नवीन मशीन आहे ना," मायक्रोबायोलॉजीवाली म्हणाली. "सेट व्हायला वेळ लागतो." मायक्रोबायोलॉजीत असं काही असतं का मला माहीत नाही.

एकीच्या सासूबाई साताऱ्याहून व्हिजिटवर आल्या होत्या, त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाळ, सवाष्णीला सणाच्या दिवशी असं अभद्र सांगू नये. पुन्हा बघ हो."

अध्यक्षीणबाई काहीच बोलत नव्हत्या. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होते, मी ताटातले लाडू सारखे करत राहिले. तिने पट्टा पुन्हा बांधला, फुगा दाबला, तबकडीकडे नीट न बघताच म्हणाली, "सॉरी आंटी. एकशेवीस-ऐंशी."

"बघ, मी म्हटलंच होतं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही. हॉल पुन्हा बोलायला लागला.

त्यानंतर प्रत्येकीला एकशेवीस-ऐंशी हवं झालं. मध्ये एकीचं एकशे अठरा आलं तर ती रुसली. "का गं, मला दोन कमी का? मी तर रोज चालायला जाते." मुलीने तिला ते दोन देऊन टाकले. पुढे पुढे तर बायका हात पुढे करतानाच आपला आकडा सांगायच्या. वाणाची वाटी आणि एकशेवीस-ऐंशी घेऊन सगळ्या खुशीत घरी गेल्या. जाताना साताऱ्याच्या सासूबाईंनी मुलीची अलाबला घेऊन सांगितलं, "तुझ्या हाताला गुण आहे."

भांडी घासताना मुलगी म्हणाली, "आई, त्यांचं खरंच जास्त होतं." वाट्या पुसून ठेवल्या, मग पुन्हा म्हणाली, "म्हणजे खूपच जास्त होतं."

कॉलेजच्या मॅडम सुदानच्या होत्या. उंच, सावळ्या, अंगाभोवती लांबलचक रंगीत वस्त्र गुंडाळलेलं, आणि आवाज इतका हळू की मुलींना पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी रेकॉर्ड उघडलं आणि वरून खालपर्यंत बोट फिरवत नेलं.

"माशाल्ला," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांना देवाने एकच हृदय वाटून दिलंय का?"

मुलीने सांगितलं की मॅडम, आमचा सण होता. सणाच्या दिवशी मोठ्यांना वाईट सांगत नाहीत.

"आमच्याकडे ईद असते," मॅडम म्हणाल्या. "ईदला कुणाचं प्रेशर उतरलेलं मी पाहिलं नाही." मग त्यांनी त्या पानावर एक तिरपी रेघ मारली. "ह्याच बायका, खरे आकडे, दोन आठवड्यांत. नवीन बायका चालणार नाहीत. ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांनाच खरं सांगून ये. नाहीतर खलास."

ह्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी टाय बांधला. "मी बोलतो त्या बाईंशी. शिक्षणसंस्थेत बोलायची एक पद्धत असते." गेले. परत आले तेव्हा टाय खिशात होता.

"काय म्हणाल्या?"

"चहा दिला. बाई चांगली आहे."

"आणि रेकॉर्डचं?"

"तिने माझंच प्रेशर बघितलं," हे म्हणाले.

"किती?"

"आहे थोडं." एवढं बोलून ते झोपले, आणि संध्याकाळी उठल्यावर आमटीत मीठ कमी घाल असं सांगितलं. प्रेशरचे रुपये मात्र त्यांना करता आले नाहीत. पोस्टिंग नाही तर ठाणे, ही अट त्यांनी तशीच ठेवली.

मुलगी फोनला बसली. इथे लोकल फोन फुकट, त्यामुळे बायका एकमेकींना बाजारभाव विचारायलासुद्धा तासभर फोन करतात. पण या फोनला कुणाला वेळ नव्हता. "अगं, झालं ना आमचं संक्रांतीला? नॉर्मल आलंय, मी ह्यांना सांगितलंसुद्धा." दुसरीने तो आकडा कागदावर लिहून फ्रिजला मॅग्नेटने लावला होता, आता तो काढायचा म्हणजे कामवालीला काय सांगायचं असा तिला प्रश्न पडला. मानसशास्त्रवालीने विचारलं की तुला स्वतःबद्दल असुरक्षित वाटतंय का. शेवटी सगळ्याजणी एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. अध्यक्षीणबाई बसल्या तर आम्ही बसू.

अध्यक्षीणबाईंनी तिचा फोन घेतला आणि म्हणाल्या, "आईला पाठव."

देरातच, आमच्यापासून दोन रस्ते सोडून त्यांची इमारत होती. लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे होते. मी वर जाईपर्यंत स्वतःला तिन्ही बाजूंनी पाहिलं आणि मनात जुळवलेली वाक्यं विसरले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी 'हो' आणि 'साखर किती' याच्यापलीकडे बोलले नव्हते.

त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं, ते हललं की आवाज करायचं, म्हणून मी हललेच नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पोरीचं कौतुक म्हणून आपण सगळ्यांनी हात पुढे केले. आता पुन्हा करायचे म्हणजे काय, आमच्या हातांना दुसरी कामं नाहीत का? आणि माझं नॉर्मल आहे. तुमच्याच मुलीने सांगितलं."

मला म्हणायचं होतं की पोरीचं वर्ष जाईल, तिचे वडील तिला ठाण्याला पाठवतील, तुम्ही बसलात तर सगळ्या बसतील. ही तीन वाक्यं मी येताना रस्त्यात पाठ केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"तिने खोटं सांगितलं," मी म्हणाले.

प्लास्टिक वाजलं. ते त्यांच्या बाजूचं होतं.

"काय?"

"सण होता म्हणून. तुमचं आणि सगळ्यांचंच."

"मग खरं किती होतं?"

"मला त्यातलं कळत नाही. आधी सांगितलं होतं तेच असेल. ती भांडी घासताना म्हणाली की खूप होतं. दोनदा म्हणाली."

अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या. "माझ्या तोंडावर खोटं बोलली? एवढीशी पोर? असले संस्कार?" मी गुपचूप चपला घातल्या. दाराशी येऊन त्या म्हणाल्या, "आणि हे तुम्ही मला माझ्या घरात येऊन सांगताय." दुसऱ्या कुणाच्या घरात सांगायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी येऊन मी मुलीला काही सांगितलं नाही. मला वाटलं, गेलं पोस्टिंग, आता तिच्या साड्या काढून बघायला हव्यात. पण अध्यक्षीणबाई रागावल्या की फोनवर रागावतात. मी चहा टाकायच्या आत त्यांनी एम.कॉम.ला सांगितलं होतं की ती पोर खोटारडी आहे, तिने सगळ्यांना खोटे आकडे दिले. एम.कॉम.ने ते पुढे सांगितलं. अध्यक्षीणबाईंचा हेतू आमची नाचक्की करायचा होता आणि तो पुष्कळसा साधलाही. फक्त प्रत्येक बाई फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसली असावी, आणि मग तिने आमचा नंबर फिरवला.

"वहिनी, तुमच्या मुलीने असं करायला नको होतं. बरं, माझं खरं किती होतं?"

रात्रीच्या जेवणापर्यंत फोन थांबला नाही. मी एकेकीला थांबवून मुलीला विचारायची, आणि ती कपाळाला हात लावायची. "आई, मला काय माहीत? पहिल्या चारपाच जणींनंतर मी ऐकलंच नाही. नुसता पंप फुगवला."

मी फोनवर तेच सांगितलं. यापेक्षा जास्त घाबरवणारं काही मी ठरवूनही सांगू शकले नसते.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी त्या सगळ्या आल्या. न बोलावता, साध्या पंजाबी ड्रेसात, कुंकू-बिंकू काही नाही. नवरे खाली गाडीत बसले होते आणि मुलं "Mama, how long?" असं विचारायला वर येत होती. मुलीने कोट घातला नव्हता. प्रत्येकीला तिने आधी पाच मिनिटं खुर्चीत गप्प बसवलं, आणि त्या बसल्या. पाच मिनिटं गप्प राहायचं म्हटल्यावर काहीजणींचं प्रेशर तिथेच वाढलं असेल. मग एकेकीला बेडरूममध्ये नेऊन तिने खरा आकडा सांगितला. ह्यांना त्यासाठी बाहेर काढावं लागलं. ते गॅलरीत स्टूल घेऊन बसले आणि खालच्या नवऱ्यांना हात करत राहिले.

गंमत अशी, की बेडरूममधून बाहेर आल्यावर कुणालाच गप्प राहवलं नाही. संक्रांतीला चांगल्या आकड्याची चढाओढ होती, आता वाईटाची लागली. मायक्रोबायोलॉजीवाली "मी बॉर्डरलाइन आहे" हे अशा थाटात म्हणाली की जणू ते गाडीचं नवीन मॉडेल होतं. एकीचं लो निघालं, तिने सोफ्यावर जागा करून घेतली आणि लिंबूपाणी मागितलं. एम.कॉम.चं अगदी खरंखुरं एकशेवीस-ऐंशी निघालं. तिचा चेहरा पडला. "नक्की ना?" असं तिने तीनदा विचारलं. पुढच्या आठवड्यात मीठ बंद झालेल्यांनी आपापल्या लोणच्याच्या बरण्या आमच्याकडे आणून दिल्या. आम्हा तिघांत मीठ बंद झालेलं एकच माणूस होतं आणि लोणच्यावर सगळ्यात जास्त प्रेमही त्याचंच.

रेकॉर्ड भरलं, पण पहिली, अध्यक्षीणबाईंची ओळ रिकामी राहिली. मॅडमनी ह्याच बायका म्हटलं होतं. दिवस संपत आले. मुलगी रोज संध्याकाळी पान उघडून बघायची आणि मिटायची. ह्यांनी ठाण्याला फोन लावून लग्नाच्या हॉलचे भाव विचारले. नुसते विचारले, असं म्हणाले.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर कुणी नसतं तेव्हा, बेल वाजली. दारात अध्यक्षीणबाई. काळा गॉगल, डोक्यावरून ओढणी. खालच्या वॉचमनला चुकवून त्या जिन्याने आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या.

"इकडे कामाला आले होते," त्या म्हणाल्या. आमच्या इमारतीत त्यांचं काम असण्यासारखं एकच दुकान होतं, टायरचं.

मुलगी कॉलेजातून नुकतीच आली होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "जिना चढून आलात ना, आता जास्त वेळ थांबू या. बोलायचं नाही." त्या बोलल्या नाहीत. गॉगल काढून मांडीवर धरला आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. पाटल्या घालून आल्याच नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जायला निघाले तर मुलगी म्हणाली, "आई, बस."

तिने पट्टा बांधला. फुगा दाबला, कानात नळ्या घालून तबकडीकडे बघत हवा सोडली. पूर्ण सोडली. एक मिनिट थांबून पुन्हा घेतलं. मग तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या पोरीला मी अंगठा चोखताना पाहिलंय, शेजाऱ्यांकडे साखर मागायला जायला लाजायची ती माझ्यासारखीच. मला वाटलं, ही आता पुन्हा देऊन टाकते एकशेवीस-ऐंशी.

"एकशे ब्याऐंशी, आंटी. खालचं एकशे सहा."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं."

"आज तर सण नाही," अध्यक्षीणबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "म्हणजे काय होतं याने?"

मुलीने सांगितलं. थोडक्यात, काही न लपवता, आणि घाबरवायच्या गोष्टी सांगताना आवाज जसा करतात तसा न करता. उद्याच डॉक्टरकडे जा म्हणाली, मी सोबत येऊ का असंही म्हणाली. सोबत नको, असं त्या लगेच बोलल्या. उठताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, हे बाहेर कुठे बोलू नका."

"मी कुणाशी बोलते?" मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना ते पटलं.

पुढे त्यांना गोळी सुरू झाली. मंडळात त्यांनी सांगितलं की अशक्तपणासाठी टॉनिक घेतेय. मे महिन्यातल्या कार्यक्रमात माइकवरून त्या हेही म्हणाल्या की आपल्या भगिनींच्या आरोग्यासाठी मंडळाने, म्हणजे मीच, तपासणी मोहीम घेतली होती. टाळ्या पडल्या. मी चहाच्या बाजूला होते, माझ्या दोन्ही हातांत कप होते.

पण हे सगळं नंतरचं. मुदतीच्या दिवशी मॅडमनी रेकॉर्ड बघितलं. यावेळी त्यांचं बोट एकेका ओळीवर थांबत गेलं. पहिल्या ओळीवर परत आलं.

"हिला डॉक्टरकडे पाठवलंस?"

"हो, मॅडम."

"गेली?"

"माहीत नाही."

"मग विचार," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

ह्यांनी त्याच दिवशी बहिणीला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "स्थळाला नाही म्हणून कळव. पोरगी हॉस्पिटलात आहे." पलीकडून रडण्याचा आवाज आला. शिकायला गेली आहे, आजारी नाही, हे समजावता समजावता ह्यांचा इंटरनॅशनल कॉल इतका लांबला की शेवटी त्यांचंच प्रेशर बघावं लागलं.

पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी मुलगी संध्याकाळी घरी आली, बूट काढले आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ जमिनीवरच बसली. बायकांच्या वॉर्डात तिला एक म्हातारी दिली होती, कुठली बलुची की काय, भाषा कळत नव्हती. शेजारच्या पेशंटने मध्ये पडून एकीचं दुसरीला समजावून सांगितलं. प्रेशर बरंच होतं. तिने जेवढं होतं तेवढं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं, इन्शाल्ला म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

"रुसली नाही?" मी विचारलं.

"नाही गं आई," मुलगी म्हणाली. "ती आपल्या ओळखीची थोडीच आहे?"